पाटलाला लावलेली विभूती

मंगळवार पेठ, कोल्हापूर
६ जानेवारी २०२५

चि. रुद्रेश यास अनेक आशीर्वाद.

तुझा कारखाना माझ्या गच्चीवरून दिसतो, तरीही मी टपालाने लिहीत आहे, याचे तुला नवल वाटेल. समोरासमोर आलो तर आपल्यापैकी एकाचा आवाज चढेल आणि फोनवर तू ‘दाजी, नंतर बोलतो’ म्हणून ठेवून देतोस. कागदावर माणूस नाइलाजाने सभ्य राहतो.

गेल्या आठवड्यात धैर्यशीलचा फोन आला. वारणानगरच्या महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवीत असताना तो माझा विद्यार्थी होता. आता तो गोव्याच्या ज्या संस्थेत आहे, तीच तुझे सेन्सर विकत घेऊन समुद्रात सोडते. तो म्हणाला, “सर, मॅडम शेवटी इतक्या थकल्या होत्या हे आम्हाला माहीतच नव्हतं. तुमच्या कंपनीचं पत्र वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं कुणी राग धरलेला नाही, सर.”

राग कशाचा, हे मलाच त्याला विचारावे लागले. तो बिचारा चपापला. मग त्याच्याकडून जे कळले ते असे. रत्नागिरीच्या पलीकडे सोडलेले तुमचे सेन्सर समुद्र आहे त्याहून कमी खारट दाखवीत आहेत. संस्थेने खुलासा मागितला. तुझ्या सहीने उत्तर गेले की प्रयोगशाळाप्रमुख कै. विद्याश्री मठपती यांच्या दीर्घ आजारपणामुळे त्यांच्या अखेरच्या काळातील कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सेन्सरची मापे जुळविण्यात, त्रुटी राहिली.

विद्याश्री माझी पत्नी होती, तशी तुझी थोरली बहीणही होती. तुमच्या वडिलांच्या पश्चात त्या कारखान्यात पंपाचे सुटे भाग होत असत. त्याचे समुद्रमापनाच्या उपकरणांत रूपांतर तिने केले. ‘पंचगंगेला भरती येते काय हो, वैनी?’ असे उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर लोक तिला विचारीत, तेव्हा तूही हसत होतास. मीही हसत होतो. तिने आपल्याला खोटे ठरविले.

ते पत्र तुझेच आहे का, एवढेच मला कळव. असल्यास ते मागे घे.

तुझा
शिवय्या मठपती

•

उद्यमनगर, कोल्हापूर
१४ जानेवारी २०२५

आदरणीय दाजी यांना साष्टांग नमस्कार.

आज संक्रांत. आमच्या मोनाच्या हाती तिळगूळ पाठवला होता, तुम्ही दार उघडलं नाही म्हणून ती परत घेऊन आली. पोरीचा काय दोष होता?

पत्र माझंच आहे. नाकारत नाही. पण दाजी, तुम्ही कॉलेजात आयुष्य काढलं, मी कारखान्यात. गिऱ्हाइकाला कारण लागतं. कारण दिलं नाही तर तो स्वतःच कारण शोधतो आणि ते आपल्याला परवडत नाही. गोव्याची मागणी गेली तर आपल्याकडची माणसं घरी बसतील. अक्काच्या हाताखाली शिकलेली संयोगिता बसेल, सम्राट बसेल. सम्राटचं लग्न ठरलंय.

आजारी माणसाकडून चूक होते, यात बदनामी कसली? त्यांनीही समजून घेतलं, सांत्वनाचं पत्र पाठवलं. आणि खरं सांगू? अक्का असती तर तीच म्हणाली असती, घाल की माझं नाव, मला आता कोण काय म्हणणार हाय.

अव्वा गडहिंग्लजहून आल्या आहेत, आता इथंच राहतील. गुडघे फार दुखतात त्यांचे. तुमची चौकशी करत नाहीत, जावयाचं नाव निघालं की विषय बदलतात. एकदा येऊन जा.

तुमचा
रुद्रेश

•

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२० जानेवारी २०२५

श्री. रुद्रेश हिरेमठ,
व्यवस्थापकीय संचालक, जलमान इन्स्ट्रुमेंट्स, यांस
स. न. वि. वि.

आपले पत्र पावले. दिवंगत व्यक्ती काय म्हणाली असती याचा दाखला देणे सोपे असते, कारण ती व्यक्ती तो खोडू शकत नाही. तिच्याबरोबर मी संसार केला आहे. तिने असे काही म्हटले नसते.

तिच्या अखेरच्या महिन्यांविषयी आपण लिहिले आहे, म्हणून मलाही लिहिणे भाग आहे. औषधांनी तिच्या बोटांतली शक्ती गेली होती. कपबशी तिच्या हातात राहत नसे. म्हणून सेन्सर टाकीत सोडण्याचे काम तिने संयोगिताला दिले आणि स्वतः खुर्चीवर बसून प्रत्येक आकडा वाचला. घरी आल्यावर डोळे मिटून ती मला ते आकडे सांगे आणि मी पडताळून पाही. पतिपत्नींनी बोलावे असे इतर विषय तेव्हा आमच्यापाशी फारसे उरले नव्हते. त्या काळात तिच्या हातून चूक झाली असती तर ती पहिल्यांदा मला दिसली असती.

आता मुद्द्याचे. धैर्यशीलकडून मी माहिती घेतली आहे. तिच्या हयातीत कॅलिब्रेट झालेला एकही सेन्सर चुकत नाही. ती २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेली. त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर जे सेन्सर गेले, तेच तेवढे चुकतात. सगळे एकाच दिशेने आणि सारख्याच प्रमाणात. पदार्थविज्ञानाचा सामान्य विद्यार्थीही यावरून सांगेल की दोष त्या सेन्सरांत नाही. ज्याच्या शेजारी ठेवून त्यांचे माप ठरविले, त्या मूळ सेन्सरमध्ये आहे.

त्या मूळ सेन्सरला आपले कामगार ‘पाटील’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. ‘पाटलाला विचारा’, ‘पाटील म्हणेल ते खरं.’ काचेची बारीक नळी आणि आत प्लॅटिनमचा मखमलीसारखा काळा थर. त्या थराला बोटाचा तेलकटपणा लागला तरी तो खोटे बोलू लागतो. विद्याश्री त्याच्या खोलीत मलासुद्धा येऊ देत नसे.

तिच्या मृत्यूनंतर आणि दसऱ्याच्या सुमारास त्या खोलीत काय घडले? याचे उत्तर महिनाअखेरीपर्यंत न आल्यास हे सर्व मी संस्थेला कळवीन.

कळावे,
शिवय्या मठपती

•

उद्यमनगर, कोल्हापूर
२७ जानेवारी २०२५

आदरणीय दाजी यांना नमस्कार.

तुम्ही कोर्टाची भाषा सुरू केली. ठीक आहे. मग ऐका.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा असते, हे काही नवीन नाही. लेथला हार, ड्रिलला कुंकू, विभूती, नारळ. अक्का असताना ती त्या दिवशी आपली खोली कुलूप लावून बंद करायची आणि पाटलाची रिकामी पेटी बाहेर आणून ठेवायची. पूजा पेटीची. सम्राट दरवर्षी म्हणायचा, “मॅडम, पाटील गावाला गेलाय आणि आमी त्याच्या उंबऱ्याला हळद लावतोय.” ती म्हणायची, “पाटलाला सोवळं लागतंय रे, तुझ्यासारखा न्हाय तो.”

अक्का गेल्यानंतरची ती पहिलीच खंडेनवमी. तुम्हाला मी स्वतः बोलवायला आलो होतो. तुम्ही दारातूनच म्हणालात, ‘मला या गोष्टींत रस नाही.’

अव्वा गडहिंग्लजहून आल्या होत्या. सगळी पूजा झाली. मग त्या पेटीपुढं बसल्या आणि पेटी उघडली. रिकामी. मला म्हणाल्या, “माझ्या लेकीचं हत्यार कुठं हाय?” मी म्हणालो, “अव्वा, ते आत असतंय.” म्हणाल्या, “मग आण की भाईर.”

संयोगिता मध्ये पडली. “सर, मॅडम आज ही खोली उघडत नसत.” मी तिला म्हणालो, “आज मॅडम नाहीत.”

खोली उघडली. पाटील काढून अव्वांच्या मांडीवर दिला. त्यांनी विभूती पाण्यात कालवली आणि तीन बोटांनी त्याला लावली. लावतच राहिल्या. एकदा, दोनदा, अगदी तोंडापर्यंत. पाणी आत नळीत गेलं असणार. सम्राटसारखा बडबड्या माणूस, तोही टोपी काढून उभा राहिला. तुम्हाला तिथं उभं राहून त्या बाईला ‘थांब’ म्हणता आलं असतं का? असेल कदाचित. तुम्ही काहीही म्हणू शकता.

नंतर संयोगितानं पाटील धुतला, आकडे ठीक वाटले, काम सुरू झालं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता सांगा, संस्थेला काय कळवू? ऐंशी वर्षांच्या म्हातारीनं राख फासली म्हणून अरबी समुद्र चुकला? अव्वांना यातलं काही माहीत नाही. कळलं तर त्या टिकायच्या नाहीत. अक्का गेली आहे, तिला काही लागत नाही. अव्वा जिवंत आहेत. मी जिवंत माणूस निवडलं.

आणि एक. अक्काचं देहदान झालं, आम्हाला तिची मातीसुद्धा मिळाली नाही. तेव्हा आम्ही तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. तेवढं लक्षात ठेवा.

रुद्रेश

•

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२ फेब्रुवारी २०२५

श्री. रुद्रेश हिरेमठ यांस
स. न. वि. वि.

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला अव्वांची दया आली. दुसऱ्या वाचनात ध्यानात आले की मला तेवढीच यावी म्हणूनच ते तसे लिहिले आहे.

अव्वांना त्या उपकरणाविषयी काही ठाऊक नव्हते. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे केले. आपल्याला ठाऊक होते. संयोगिताने आपल्याला सावध केले होते. कुलूप आपण उघडले, उपकरण आपण हातात दिले आणि त्यानंतर ते नव्याने तपासून घेण्याचा आदेश आपण दिला नाही. ‘आज मॅडम नाहीत’ हे वाक्य आपण उच्चारले. मग संस्थेला खुलासा करताना आपण प्रथम बहिणीच्या आड लपलात आणि मी तेथून हुसकावल्यावर आता आईच्या आड लपत आहात. ‘मी जिवंत माणूस निवडलं’ असे आपण लिहिता. ते माणूस आपण स्वतः आहात.

अव्वांचे नाव कोठेही येण्याची आवश्यकता नाही. संस्थेला पाठवावयाचा मजकूर मीच लिहून देतो: ‘व्यवस्थापकीय संचालकांच्या आदेशाने मूळ सेन्सर खोलीबाहेर काढण्यात आला व तेथे तो दूषित झाला. कै. विद्याश्री मठपती यांच्या कॅलिब्रेशनमध्ये कोणतीही त्रुटी नव्हती. पूर्वीचा खुलासा असत्य असून तो मागे घेण्यात येत आहे.’ खाली आपली सही.

यामुळे मागणी जाईल, हे मी जाणतो. आजारी स्त्रीला संस्था क्षमा करते, निष्काळजी संचालकाला करणार नाही. तो न्यायच होईल.

देहदानाचा उल्लेख आपण केलात. ती विद्याश्रीची लेखी इच्छा होती. मी ती अक्षरशः पाळली. त्यात कोणाला विचारण्यासारखे काही नव्हते.

महाशिवरात्रीपर्यंत वाट पाहीन. अव्वांना यातले काही कळवू नये.

शिवय्या मठपती

•

उद्यमनगर, कोल्हापूर
११ फेब्रुवारी २०२५

जावयबापू शिवय्या मठपती यांस चन्नम्मा हिरेमठ हिचा नमस्कार.

हे मोना लिहून घेतीया. मी बोलंल तसंच लिही म्हणून तिला शपथ घातलीया, म्हणून सुधारून वाचू नका.

तुमचं रजिस्टर पत्र मोनानंच घेतलं. बाप कारखान्यात हुता. पोरगी पत्र वाचून रडाय लागली, मग मी सगळी पत्रं तिच्याकडनं वाचून घेतली. रुद्रेश मला कळू देत न्हाय, तुमी बी कळू देत न्हाय. दोघं शाणी माणसं मला जपत बसलाय आणि जपण्यापायी माझ्या लेकीला येडी ठरवलासा. रुद्रेशला मी काय बोलले ते त्याला ठावं. आता तुमचं.

तुमी लिवलंय, अव्वांना ठाऊक न्हवतं. कोण म्हणालं? विद्याश्री मला दरवर्षी सांगायची. अव्वा, सगळ्याला लाव, माझ्या पाटलाला हात लावू नको, त्येला राख लागली की त्यो बिघडतोय. मला ठावं हुतं. ठावं असून मी लावली.

का लावली ते बी ऐका.

ती गेली त्या दिवशी तुमचा फोन आला. आमी गडहिंग्लजहून निघालो. शेजारच्याची गाडी केली. कोगनोळीच्या नाक्यापतूर आलो तवर तुमी फोनवर म्हणाला, डाक्टरांच्या कालेजानं नेलं. आमच्यात मेलेल्या माणसाच्या कपाळाला विभूती लावत्यात, ही तुमाला सांगाय नगं. तुमी जंगमाच्या पोटचं, विभूती लावणं जंगमाचंच काम. लेकरू जन्मलं तवा त्या कपाळाला पहिल्यांदा मी लावली हुती. शेवटची बी माझीच हुती. एवढंच मागणं हुतं. कालेजाला देह द्यायला माझी ना न्हवती. द्या की. पर लावून द्या.

मी कालेजात गेले हुते, तेरा दिसांनी. तुमाला कुणी सांगितलं नसंल. आत सोडत न्हाईत म्हणाले. तिला नेणारा गाडीवाला भेटला, त्यो मलकापूरचा, भला माणूस. माझा हात धरून म्हणाला, “आजी, मी साहेबास्नी इचारलं हुतं. कोण यायचं असंल तर थांबतो, आमाला घाई न्हाय. साहेब म्हणाले, कुणी यायचं न्हाय.”

मी वाटंत हुते, जावयबापू. तुमाला ठावं हुतं.

मग नवमीला मला लेकीचं कपाळ कुठं गावणार? तिचं हत्यार गावलं. तिचा हात रोज त्येला लागत हुता. मी त्येला लावली. बिघडतंय म्हणून ठावं हुतं आणि बिघडू दे म्हणले. माझं काय कमी बिघडलंय?

तुमी कागदात कारण लिवणार म्हणताय. लिवा. माझं नाव घाला, मी भीत न्हाय. रुद्रेशचं बी घाला, त्यानं कुलूप काढलं. पर कुलपापासनं सुरू करू नका. गाडी सुटली तितनं सुरू करा.

चन्नम्मा

(मामा, आजी बोलली तसंच लिहिलं आहे. मी काही बदललं नाही. — मोना)

•

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ मार्च २०२५

पूजनीय अव्वा यांना शिवय्याचा साष्टांग नमस्कार. मोनाने हे पत्र वाचून दाखवावे.

उत्तराला विलंब झाला. आपल्या पत्राला द्यावयाचे उत्तर मी अनेकदा तयार केले. मृत्यूनंतर देह महाविद्यालयाकडे वेळेत पोचवावा लागतो, विद्याश्रीने फॉर्मवर स्वहस्ते सही केली होती, आपण मोठ्याने रडाल आणि माझ्याने मग ते होणार नाही अशी मला भीती होती, असे त्यात होते. यांतील प्रत्येक विधान खरे आहे. मी तो कागद पाठविला नाही. गाडीचा चालक थांबावयास तयार होता, याला त्यात कोठेही उत्तर नव्हते.

महाशिवरात्रीनंतर मी संस्थेला लिहिले. रुद्रेशच्या सहीची वाट पाहिली नाही, कारण सुरुवात त्याच्यापासून होत नव्हती. आपण सांगितल्याप्रमाणे लिहिले. कारण म्हणून प्रथम असे नमूद केले की कै. विद्याश्री मठपती यांच्या मृत्यूच्या दिवशी त्यांच्या पतीने, म्हणजे मी, त्यांच्या मातोश्रींची वाट पाहिली नाही. त्यामुळे राहून गेलेला विधी मातोश्रींनी पुढे मूळ सेन्सरवर केला. संचालकांनी त्यासाठी खोली उघडून दिली. विद्याश्री मठपती यांच्या कॅलिब्रेशनमध्ये कोणतीही त्रुटी नव्हती. आपले नाव मी घातले, कारण आपण भीत नाही असे म्हणालात. माझे नाव आपल्या आधी घातले.

रुद्रेशला त्याची प्रत पाठविली होती. त्याने ती परत केली. पाकिटावर लिहिले होते, ‘आता तरी झालं का समाधान?’ झाले नाही, एवढे त्याला सांगावे. सम्राटच्या लग्नाला मला निमंत्रण नव्हते. ते योग्यच होते.

काल धैर्यशीलचा फोन आला. चुकलेले सेन्सर ते समुद्रातून काढून घेणार आहेत आणि पुढची मागणी त्यांनी दुसऱ्या कंपनीला दिली आहे. हे रुद्रेशला कळले असेलच. मग तो म्हणाला, “सर, तुमचं पत्र वरपर्यंत सगळ्यांनी वाचलं. पण ते अहवालात घेता येत नाही. साहेब म्हणाले, हे तांत्रिक कारण नव्हे, हा घरगुती विषय आहे.” मी विचारले, मग काय लिहिले? तो म्हणाला, “मूळ सेन्सर दूषित, कारण अज्ञात. मॅडमचं नाव काढलं, सर. सगळ्यांचीच नावं काढली. आता कुणावर काही नाही.”

त्याला वाटले, मी आभार मानीन.

अव्वा, विद्याश्रीचे नाव निघाले, हे आपल्याला कळविण्यासाठी हे पत्र. त्याबरोबर माझेही निघाले. ते काढावे अशी विनंती मी केली नव्हती.

आपला
शिवय्या